बॉक्स बंद करणाऱ्याची आई

आधीच सांगतो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. आठवीनंतर शाळा सुटली. त्यानंतर लिहिलं ते गाड्यांच्या काचेवर, धुळीत, बोटानं. शब्दही साधेच येतात. वेलांटी चुकली असेल तर सांभाळून घ्यावं. आमच्या गॅरेजचे वस्ताद जे बोलले ते मात्र जसंच्या तसं लिहिलं आहे.

“आत काय हाय?” वस्तादांनी विचारलं.

“गेलाय, वस्ताद.”

“कोण गेलाय?”

“गिअरबॉक्स.”

“कुठं गेलाय? हितंच तर हाय, टेबलावर.”



टेबलावरचा बॉक्स माणगावेताईंच्या गाडीचा होता. ताईंची शिरोलीला फाउंड्री आहे. त्यांची गाडी लाल, परदेशी, दोन सीटची. छत मागे दुमडता येतं. वयानं माझ्यापेक्षा मोठी गाडी, पण वळणावर अजून मांजरासारखी वळते. ताई ती स्वतः चालवतात आणि कोणाला हात लावू देत नाहीत. गेल्या काही दिवसांपासून दुसरा गिअर टाकला की करकर आवाज यायचा. घाट उतरताना तर दात खाल्ल्यासारखा.

त्या सकाळी मी बॉक्स खाली उतरवला आणि ताई आल्या. आल्या आल्या त्यांनी सरळ विचारलं होतं, “खोलून दुरुस्त करायचा, की दुसरा बसवायचा? पुण्यात एका ठोकलेल्या गाडीचा बॉक्स मिळतोय. घेणारा अजून एक जण आहे, म्हणून त्यांना उद्या सकाळी उत्तर पाहिजे.”

कोल्हापूरच्या उद्यमनगरात गिअरबॉक्स म्हटलं की लोक इलाही वस्तादांकडे बघतात. ताईंनीही तिकडेच बघितलं.

वस्तादांनी चष्मा काढला आणि चष्म्यानंच माझ्याकडे खूण केली.

“आता ह्यो सांगंल.”

मी फार बोलणारा नाही. पण गाडी कोपऱ्यावर वळली की नुसत्या आवाजावरून तिचं दुखणं सांगतो, असं गिऱ्हाइकं म्हणतात. ते ऐकून ऐकून मला थोडी हवा चढली होती. मोठ्या वर्कशॉपमधले लोक बोलतात तसा मी बोललो.

“आजकाल कोणी खोलत नाही, ताई. बदलतात.”

“खात्री आहे?”

“होय.”

ताईंनी पर्स खांद्याला लावली. “लोखंड वितळवायचं मला कळतं. जोडायचं तुम्हाला. सकाळी फोन कर आणि एकच उत्तर दे. दोन उत्तरं माझ्याजवळ आहेतच.”

त्या रिक्षानं गेल्या. त्या गेल्यावर वस्ताद बाकावरून उठले, टेबलाजवळ आले आणि मला तो प्रश्न विचारला. आत काय हाय.

“बहुतेक सगळंच झिजलं असणार,” मी म्हणालो. “जुना आहे.”

“मी पण जुना हाय.”

“तसं नव्हे, वस्ताद…”

“बहुतेक म्हणालास. बघितलंस का?”

“आवाजावरून…”

“आवाज भाईर येतो, सातापा. आत काय हाय ते इचारलं मी.”

त्यांनी खुंटीवरचं पांढरं फडकं काढून माझ्या खांद्यावर टाकलं. आमच्याकडे हीच पहिली रीत आहे. बॉक्सचं जुनं तेल ओतून देत नाहीत. पांढऱ्या फडक्यातून गाळतात आणि फडक्यावर काय राहतं ते बघतात. ही रीत मला पाठ होती. तरी सकाळपासून मी तेल सोडायच्या खालच्या बोल्टला पाना लावला नव्हता.

आता लावला. तेल काळं, दाट, काकवीसारखं संथ उतरलं. मी फडकं उन्हात धरलं.

फडक्यावर बारीक सोनेरी भुकटी चमकत होती. लोखंडाचा कण एकही नव्हता.

“काय दिसतंय?”

“पितळ.”

“म्हंजे?”

म्हणजे काय ते मला समजलं होतं. दोन गिअर एकमेकांत जाताना मधे पितळेची मऊ रिंग असते. ती आपण झिजते आणि दात वाचवते. फडक्यावर पितळ होतं, लोखंड नव्हतं. रिंगा गेल्या होत्या, दात शाबूत होते. रिंगा मिळतात. बेअरिंगं मिळतात. बॉक्स खोलून नीट बांधला तर अजून कितीतरी वर्षं चालेल.

हे सगळं मी सांगितलं. चांगलं सांगितलं, असं मला वाटलंही.

“मग?” वस्ताद म्हणाले. “सकाळी ताईस्नी काय सांगनार?”

मी फडक्याची घडी घातली. ती मोडून परत घातली.

“बदलू या, वस्ताद.”

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. स्टुलावर बसले आणि समोरच्या टपरीकडे दोन बोटं वर केली. चहा आला. त्यांच्या हातात बशी किणकिणली. हल्ली वर्षभर ती किणकिणते. म्हणून बॉक्सचं बारीक काम ते करत नाहीत. खोलायचं, धुवायचं, मांडायचं हे मी करायचो. बंद करायचं, म्हणजे आतलं सगळं परत जागेवर बसवून बांधायचं, ते मात्र त्यांचं, हात कापायला लागेपर्यंत. तेव्हापासून आमच्याकडे एकही बॉक्स बंद झाला नव्हता. जे आले ते ‘सध्या जमणार नाही’ म्हणून परत गेले होते.

“बरं,” चहा संपल्यावर वस्ताद म्हणाले. “बदलू या. मग हे टेबल इकून टाकू. जागा हुईल. टायरचं दुकान काढू. हवा भरायला डोकं लागत न्हाई.”

“टेबल कशाला विकायचं?”

“त्याच्यावर काय मांडनार? भजी?”

मला हसू आलं. पण मी फळीवरून हात फिरवला. त्या टेबलाच्या फळीला इतक्या वर्षांच्या तेलानं काळी चकाकी आली आहे. त्याच्या एका कडेला वस्तादांच्या कोपराची खळगी पडली आहे.

“पुण्याचा बॉक्स कसा हाय?” त्यांनी विचारलं.

“चांगला असणार.”

“खोलून बघितला कुनी?”

“नाही.”

“तेल गाळलं?”

“नाही.”

“आधी कुनी बंद केलाय?”

“काय माहीत…”

“मानूस कसा हुता? घाईचा, का निवांत? घरी भांडून आलता, का जेवून?”

“वस्ताद, ते कसं कळणार?”

“व्हय. ते कसं कळनार.”

त्यांनी बशी खाली ठेवली.

“आपली रीत ठाऊक हाय न्हवं?”

ठाऊक होती. उद्यमनगरात सगळ्यांनाच ठाऊक आहे आणि सगळे तिला हसतात. आमच्याकडे ज्यानं बॉक्स बंद केला, त्यानं गाडी गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी आपल्या घरच्या माणसाला शेजारी बसवायचं. जोतिबाच्या डोंगरावर जायचं आणि अख्खा घाट दुसऱ्या गिअरवर उतरायचा. मग किल्ली द्यायची. या रीतीपायी चाची, म्हणजे वस्तादांची बायको, जीपमध्ये बसली, टॅक्सीत बसली, दुधाच्या टेम्पोत बसली. एकदा तर अँब्युलन्समध्ये. ती म्हणते, “कोल्हापुरातल्या समद्या गाड्यांत बसले, आपली एक सोडून.” वस्तादांनी स्वतःची गाडी कधी घेतलीच नाही.

माझ्या घरी आई आहे. आणखी कोणी नाही.

“समज,” वस्ताद म्हणाले, “पुण्याचा बॉक्स आला. तू बसवलास. आईला घिऊन जोतिबाला जाशील?”

“जाईन की.”

“घाट उतरशील?”

“उतरेन.”

“दुसऱ्यावर?”

“होय.”

“आनि ह्यो,” त्यांनी टेबलावरच्या बॉक्सवर हात ठेवला, “ह्यो तू खोललास. रिंगा तू घातल्यास. माज्यासमोर तू बंद केलास. मग आईला बसवशील?”

मी रिकाम्या कपबशा उचलून एकात एक ठेवल्या.

पलीकडच्या लेथवर कोणीतरी लोखंड घासत होतं.

“बसवशील का?”

मी कपांचे कान एका बाजूला वळवले.

“अरं, सोपं इचारलं.”

“नको वाटतं, वस्ताद.”

“का?”

“मी कधी बंद केलेला नाही. एखादी रिंग उलटी गेली, क्लिप नीट बसली नाही… वर आई बसलेली…”

सकाळपासून मी ताईंना, वस्तादांना आणि स्वतःला कारणं सांगत होतो. बॉक्स जुना आहे. वेळ लागेल. आजकाल कोणी खोलत नाही. ती सगळी कारणं एकदम संपली आणि हे एकच उरलं.

वस्तादांनी मान डोलावली. फार हळू.

“म्हंजे जेचं तोंड बघितलं न्हाईस, जेचं नाव ठाऊक न्हाई, तेच्या हातावर आईला बसवतोस. आनि जेला रोज आंघोळ घालतोस, तेच्या हातावर न्हाई.”

मी माझ्या हातांकडे बघितलं. तेल लागलं होतं. नखांत सोनेरी भुकटी होती.

ऊन टेबलावरून सरकून बॉक्सवर आलं. मला वाटलं होतं, वस्ताद आता काहीतरी शिकवतील. रिंग कुठल्या बाजूनं घालायची, क्लिप बसली हे बोटाला कसं कळतं. ते काही बोलले नाहीत. उलट फडकं मागून घेतलं, भुकटी झटकली आणि चष्मा पुसला. चष्म्याला तेल लागलं. “च्यायला,” म्हणाले आणि सदऱ्याला पुसत बसले.

“वस्ताद, चुकलं तर?”

“परत खोलायचा.”

“परत चुकलं तर?”

“बॉक्स पळून जातोय व्हय? टेबलावर हाय. मी हाय. हितं स्टूल टाकून बसनार. नुसतं बघनार. हात लावनार न्हाई.”

“आणि ताई थांबतील?”

“ती भट्टीवाली बाई हाय. वतलेलं निवंस्तवर थांबायचं, हे तिला कोन शिकवनार?”

मी हसलो. मग तेही हसले आणि स्टुलाला धरून उठले. असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजची वेळ होत आली होती. दारात चपला घालताना त्यांचा हात कापला, म्हणून मी खाली वाकून पट्टा ओढून दिला. वाकलेलं असताना तोंड दिसत नाही. म्हणून धीर करून विचारलं.

“वस्ताद, तुम्ही पहिला बॉक्स बंद केलात, तेव्हा शेजारी कोणाला बसवलं होतं?”

“अम्माला.”

“ही रीत तेव्हापासून होती?”

“न्हवती. त्या दिशी पडली.”

“भीती नाही वाटली?”

वस्तादांनी दुसऱ्या चपलेत पाय घातला.

“वाटली की,” ते म्हणाले. “म्हनून तर अम्माला बसवलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आई भाकरी थापत होती, तेव्हाच मी ताईंना फोन लावला. म्हणालो, पुण्याचा बॉक्स त्या दुसऱ्या माणसाला घेऊ द्या, आपला मी खोलतो. ताई म्हणाल्या, “बरं,” आणि लगेच, “घाई करू नकोस.” फोन ठेवला तर आई माझ्याकडेच बघत होती.

“कसली गाडी रं?”

“लाल आहे. छत नसलेली. तयार झाली की तुला जोतिबाला नेणार आहे.”

“मला? अगंबया. आनि मी बसू कुठं, मागं?”

“त्या गाडीला मागं नाही, आई. माझ्या शेजारी बसायचं.”

तिनं भाकरी तव्यावर टाकली. “पदर खोचून बसावं लागंल मग,” म्हणाली.

मी गॅरेजवर गेलो. टेबल पुसलं, वस्तादांसाठी स्टूल ओढून ठेवलं, आणि ते यायच्या आधी पहिला बोल्ट सैल केला.