एकोणीस वाटाणे

हौसाच्या अर्जावर नीतिसभेने सातव्यांदा ‘नामंजूर’ असा शेरा मारला आणि वर तिचा दवाखाना बंद करावा, अशी शिफारस महाराजांकडे धाडली.

तिचा गुन्हा मोठाच होता. सोनगिरीच्या म्हाताऱ्या, निवृत्त गोलंदाजांना तिला तीन प्रश्न विचारायचे होते : हात कधीपासून थरथरतात, कानात आवाज कधीपासून येतो आणि झोप कधी उडाली? तिचा बाप सटवाजी वीस वर्षं तोफेवर होता. आता त्याच्या हातात पाण्याचा पेला ठरत नसे आणि स्वयंपाकघरात वाटी पडली तरी तो डोकं झाकून खाली बसे. सगळ्यांची दुखणी शेजारी शेजारी मांडली तर औषधाची दिशा सापडेल, असं वैद्यकी शिकलेल्या हौसाला वाटत होतं.

नीतिसभेला मात्र सैनिकांची फार काळजी. सटवाजीला तोफेशेजारी उभं करताना कुणी अर्ज मागितला नव्हता. प्रश्न विचारायचा तर सात प्रती लागत. ‘प्रश्नामुळे सैनिकास त्रास होईल काय? होत असल्यास किती शेर?’ हा रकाना हौसाने रिकामा सोडला म्हणून अर्ज दोनदा परत आला. सभेच्या अकरा सभासदांपैकी एकानेही लढाई पाहिलेली नव्हती, त्यामुळे सैनिकांविषयी त्यांची मतं अगदी ठाम होती.

शेवटी प्रकरण महाराजांपुढे आलं.

“अडचण काय आहे तुझी, मुली?”

“कलम चार आणि कलम पाच, महाराज. चार म्हणतं, आजी-माजी सैनिकाला काहीही विचारायचं तर सेनापती समोर हवेत. पाच म्हणतं, सेनापतींसमोर दिलेला होकार हा होकारच नव्हे, तो हुकमाचा धाक.”

“दोन्ही मीच लिहिली,” सभेचे प्रमुख व्यंकोपंत समाधानाने म्हणाले. “आणि दोन्ही बरोबर आहेत. प्रचीती दाखवतो.”

मैदानात साठ म्हातारे गोलंदाज उभे करण्यात आले. सेनापती गरजले, “ज्याची स्वखुशी असेल त्याने एक पाऊल पुढे!”

साठांनी एकदम डावा पाय पुढे टाकला. एकाला डावा पाय नव्हता, त्याने कुबडी पुढे टाकली.

“आजोबा, कशाला होकार दिलात ते कळलं का?” हौसाने त्याला विचारलं.

“नाही गं बाई. पण पुढं या म्हणाले ना.”

“बघितलंत?” व्यंकोपंत म्हणाले. “याला संमती म्हणत नाहीत.”

पंतांचं खरं होतं, आणि हौसाला तेच जास्त झोंबलं.

महाराज हट्टी होते. “कलमं बदलणार नाहीत. सेनापतींच्या देखत दिलेली, तरीही त्यांच्या धाकाबाहेरची संमती उद्या दुपारपर्यंत आण. नाही जमलं तर दवाखान्याला कुलूप.”

दुसऱ्या दिवशी हौसा अरुंद तोंडाचं मडकं आणि दोन टोपल्या घेऊन मैदानात आली. आधी तिने म्हाताऱ्यांना तिन्ही प्रश्न समजावून सांगितले. यातून दुखणं बरं होईलच असं नाही, हेही सांगितलं, आणि नाही म्हणालात तरी माझ्याकडचं औषध बंद होणार नाही, हेही. मग प्रत्येकाच्या हातावर एक फुटाणा आणि एक भाजलेला वाटाणा ठेवला.

“फुटाणा म्हणजे हो, वाटाणा म्हणजे नाही. मूठ मडक्यात घालून एक सोडायचा. उरलेला तोंडात टाकून चावून टाकायचा.”

सेनापती मडक्यापासून दोन हातांवर मिशा पिळत उभे होते. कलम चार पाळलं जात होतं. त्यांना दिसत होत्या नुसत्या मुठी.

मडकं पालथं केलं. फुटाणे एक्केचाळीस, वाटाणे एकोणीस.

“एकोणीस जण माझ्या तोंडावर नाही म्हणाले?” सेनापतींची मिशी खाली आली.

“म्हणून तर एक्केचाळीस होकार खरे,” हौसा म्हणाली.

“थांबा,” व्यंकोपंत पुढे सरसावले. “हा काय पोरखेळ आहे? सरळ माणूस समोर एक आणि मडक्यात दुसरं बोलत नाही. आम्ही अकरा जण महाराजांसमोर बोलतो तेच पाठीमागे बोलतो. त्या एकोणिसांची नावं आधी सभेला कळली पाहिजेत.”

“अकरा जण तेच बोलता? मग एकदा बघू या,” हौसा म्हणाली. “महाराज रोज संध्याकाळी सतार वाजवतात आणि नीतिसभा डोळे मिटून मान डोलावते. पंत, ती सतार अशीच रोज ऐकायला मिळावी का?”

“हा काय प्रश्न झाला? अर्थात मिळावी,” पंत म्हणाले. बाकीच्या दहा माना लगेच डोलल्या.

“मग मडक्यात सांगा.”

महाराजांना गंमत वाटली. सभा रांगेत उभी राहिली. कुणी बोलावलं नसताना शेवटी सेनापतीही उभे राहिले. मुठी आत गेल्या, मिटलेल्याच बाहेर आल्या आणि पुष्कळ वेळ नुसतं चावण्याचं काम चाललं.

महाराजांनी स्वतः मडकं पालथं केलं. बारा वाटाणे निघाले. फुटाणा एकही नाही.

महाराजांचे कान लाल झाले. “एकानेही नाही? याची सुरुवात कुणी केली? नावं सांग मला. आत्ताच्या आत्ता.”

“सांगायला मला ठाऊक नाहीत, महाराज. आणि तुम्ही शोधून काढलीत, तर उद्या याच मडक्यातून बारा फुटाणे निघतील. मग खरं काय ते तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि सतार मात्र यांना जन्मभर ऐकावी लागेल.”

महाराजांनी पंतांकडे पाहिलं. पंत जमिनीकडे पाहत होते आणि त्यांच्या ओठावर फुटाण्याचं एक टरफल चिकटलेलं होतं. महाराज इतके हसले की त्यांना मडक्याचा आधार घ्यावा लागला. त्यांनी तिथेच अर्जावर मोहोर उठवली, कलम चार खोडलं आणि सतारीचा दिवाणखाना, गाद्या-तक्क्यांसकट, हौसाच्या दवाखान्याला देऊन टाकला.

सकाळी दिवाणखान्यात एक्केचाळीस म्हातारे आले, रांग न लावता, गप्पा मारत, ज्याला जसं वाटेल तसे. सगळ्यात पुढे सटवाजी होता. आपल्या बापाने मडक्यात काय टाकलं होतं, ते हौसाला तेव्हा कळलं.