केंड विष कुठून आणतो

एके काळी एक वृद्ध आचार्य खाडीच्या मुखाशी माडांच्या सावलीत राहत असत. भरतीचे पाणी तिथल्या खडकांतल्या कुंडात येऊन थबके, आणि दुपारी त्यावर असा उजेड डुलत राही की पाहणाऱ्याचे डोळे आपोआप जड होत. त्या कुंडात आचार्यांनी एक केंड पाळला होता.

केंड हा काही साधासुधा मासा नव्हे. दूरच्या समुद्रातून तो या किनाऱ्यावर पाहुणा म्हणून आला आणि घरमालकच होऊन बसला. दातांनी जाळी कातरायची, जाळ्यातली माकुले-मासळी फस्त करायची, चिडला की पोट फुगवून चेंडू व्हायचे, हा त्याचा धंदा. त्याला कोणी खाल्लेच, तर आधी ओठ बधिर होतात, मग हातपाय. शुद्ध मात्र श्वास थांबेपर्यंत शाबूत राहते. मीठ लावा, वाळवा, तासभर शिजवा, विष तसेच. म्हणून कोळी त्याला जाळ्यातून काढून वाळूत फेकून देत. असाच फेकलेला एक आचार्यांनी उचलून आणला होता, आणि रोज ते त्याला सोललेली कोळंबी भरवीत.

त्यांच्या शिष्याला हे पाहवत नसे. तोही कोळ्याचाच मुलगा. तीन वर्षांपूर्वी त्याच्या धाकट्या भावाने, धाकूने, त्याचे न ऐकता जाळे पाण्यात एक भरती जास्त ठेवले आणि केंडांनी जाळ्याच्या चिंध्या केल्या. तेवढ्यावरून भाऊ भांडले ते भांडलेच. शिष्य घर सोडून इथे आला. आता आई अंथरुणाला खिळली होती. दोन्ही लेकांना एका पंगतीत जेवताना पाहायचे, एवढेच ती मागत होती. न्यायला धाकू येणार असा निरोप होता, आणि त्याला दारातूनच परत पाठवण्याचे शब्द शिष्य मनात घोळवीत होता.

त्या दुपारी त्याला राहवले नाही. “बाबा, आमच्या पोटावर पाय देणाऱ्याला तुम्ही कोळंबी चारता?”

आचार्य हसले. “अरे, हे विष याचं स्वतःचं नाही. समुद्रात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते विष तयार करतात. ते शंखशिंपल्यांत उतरतं, शिंपले हा खातो, आणि कणाकणाने साठवतो. याला स्वतःला ते बाधत नाही, म्हणून आपण विषारी आहोत हे याच्या गावीही नसतं. दोन वर्षं मी याला निवडलेलं अन्न देतोय. थोडं ओसरलं असेल.”

“मग आता खाता येईल?”

“छे! आत किती उरलंय ते मला काय ठाऊक? खाण्यातून जीव बदलतो का, एवढंच पाहतोय. याच्यापेक्षा मला तुझीच काळजी जास्त. दर बाजाराच्या दिवशी तो सुक्या मासळीचा व्यापारी येतो, धाकू तुझ्याविषयी काय बोलला ते सांगतो, आणि तू समोरचं ताट सोडून ते ऐकत बसतोस.”

कुंडातला केंड झोपेत असल्यासारखा संथ फिरत होता. शिष्याला फार लाज वाटली.

चौथ्या दिवशी व्यापाऱ्याची होडी किनाऱ्याला लागली. पडवीत टेकताच त्याने सुरुवात केली. “अहो, तुमचा धाकू काय म्हणाला ऐकलंत का?”

शिष्याने कान टवकारले. सवयच ती. मग तो सावकाश म्हणाला, “शेट, ते राहू द्या. तो आहे कुठे?”

“होडीतच बसलाय. म्हणाला, आधी तुम्ही वर जाऊन दादाचा रागरंग बघा.”

आपला भाऊ आपल्याला भितो, हे शिष्याला तेव्हा कळले. तो धावतच खाली गेला. धाकू होडीत अंग चोरून बसला होता. शिष्य गुडघाभर पाण्यात शिरला. घोळवलेल्या शब्दांतला एकही तोंडी आला नाही.

“आई जेवते का रे?”

“आधी तुझं पान वाढायला लावते,” धाकू म्हणाला. “तीन वर्षं झाली, रोज.”