सूनबाईने विणलेला साप

फार पूर्वी बाल्टिक समुद्राकाठी बिनविषारी साप घराचा राखणदार मानला जाई आणि त्याला रोज वाटीभर दूध मिळे. तिथल्या एका घरची नवी सून मिल्डा गोठ्याच्या दाराला बांधायचा पट्टा विणत होती. त्यावर सापाची खूण म्हणून एक नागमोडी रेघ होती.

गोठ्यातला साप फुरंगटला. "हा मी? सूनबाई, डोळे वीण, सुळे वीण. जरा रुबाब दिसू दे."

मिल्डाने हसत लाल डोळे विणले, लांब सुळे विणले. दाराला पट्टा दिसताच गाय बिथरली आणि तिने पान्हा चोरला. सापाची वाटी कोरडीच राहिली.

साप मुकाट्याने मिल्डाकडे आला. "डोळे, सुळे उसव बाई. रेघच बरी."

"मग तुला ओळखणार कोण?"

"गाय ओळखते. तेवढं पुरे."