सगुणेच्या पोटगीचा साक्षीदार

कर्रर्र... कुंईं! लाकडी घाण्याचा हा आवाज मी लहानपणी ऐकला आहे. अर्ध्या कोसावरून कळायचं, कुठेतरी तेल निघतंय. पण तळवणीच्या नागोजी तेल्याच्या घरून दोन वर्षं हा आवाज आला नव्हता, आणि तेच त्याच्या बायकोच्या, सगुणेच्या मुळावर आलं होतं.

नागोजीने दुसरी बायको केली आणि सगुणेला लेकीसकट घराबाहेर काढलं. तळवणीचे राजे रंगराव यांनी न्याय केला, "नागोजीने बायको-लेकीला पोटगी द्यावी. दर महिन्याला मणभर जोंधळे आणि चार शेर तेल!" नागोजीने मान डोलावली, घरी गेला आणि दुसऱ्याच दिवशी घाणा बंद केला.

"धंदाच बुडाला, सरकार! पोटगी कुठून देऊ?"

दोन वर्षं सगुणा लोकांची दळणं दळत राहिली. जात्याभोवती सांडलेलं पीठ गोळा करायची आणि त्याची लेकीला भाकरी थापायची. शेवटी ती दरबारात उभी राहिली.

"सरकार, यांचा घाणा चालू आहे. इथे नाही, कुठेतरी लांब."

"कुठे?"

"ते मला ठाऊक नाही."

"कोणी पाहिलाय?"

गावात दोघाचौघांनी नक्की पाहिला होता. पण दिवाळीला नागोजीकडून घरोघरी गुपचूप फुकट तेल जायचं. सगळं गाव आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे बघू लागलं.

राजे मोठे हट्टी. म्हणाले, "साक्षीदार आण. तुझ्या माहेरचा नको, तो तुझीच बाजू घेईल. नागोजीच्या घरचं खाणारा हवा, म्हणजे त्याला आतलं ठाऊक असेल. आणि लाच न घेणारा हवा! उद्या सकाळपर्यंत आण, नाहीतर पोटगीचा हुकूम रद्द!"

दिवाणजी हळूच म्हणाले, "सरकार, ज्याचं खातो त्याच्याविरुद्ध बोलणारा कुठे मिळायचा?"

नागोजी मिशीत हसला. सगुणा मात्र म्हणाली, "आणते, सरकार!"

दुसऱ्या दिवशी सकाळी वाड्यापुढच्या पटांगणात सगळं गाव जमलं.

"कुठे आहे तुझा साक्षीदार?"

"यांच्याच गोठ्यात बांधलाय, सरकार. आणायला शिपाई पाठवा."

"गोठ्यात?" नागोजी ओरडला. "गोठ्यात माझा बैल आहे! सरकार, या बाईचं डोकं फिरलंय!"

"का? सगळ्या अटींत बसतो की! यांच्या घरचं खातो, लाच घेत नाही, आणि माझ्या माहेरचाही नाही!"

लोक खदखदून हसले. राजांनाही मौज वाटली. शिपाई गेला आणि पांढराशुभ्र बैल घेऊन आला.

सगुणेने नवऱ्याला विचारलं, "अहो, हा बैल कुठला?"

"कुठला म्हणजे? घरच्या गाईचा! घाणा बंद झाला तेव्हा एवढासा गोऱ्हा होता. याला फक्त नांगर ठाऊक. घाणा याने बघितलेलासुद्धा नाही!"

"दिवाणजी, एवढं लिहून घ्या," सगुणा म्हणाली. "आणि सरकार, तुमच्या शेतावरचा एक बैल मागवा."

राजांचा बैल आला. सगुणेने त्याच्या डोळ्यांवर फडकं बांधलं. बैल फुरफुरला, चारी पाय रोवून उभा राहिला आणि शेवटी खाली बसला!

"हा नांगराचा बैल. दिसेनासं झालं की जागचा हलत नाही. आता यांचा बघा."

तिने तेच फडकं सोडून पांढऱ्या बैलाच्या डोळ्यांवर बांधलं. नागोजीचा चेहरा पडला. बैलाने मान खाली घातली आणि शांतपणे चालू लागला. गोल! मधोमध कागद-लेखणी घेऊन उभे होते गलेलठ्ठ दिवाणजी. घाण्याला डोळे बांधून जुंपलेला बैल फिरतो, तसाच तो त्यांच्याभोवती फिरू लागला. एक फेरी, दोन फेऱ्या, तीन!

"सरकार, मी बाजूला होऊ का?" दिवाणजी रडवेले झाले.

"खबरदार! आता कुठे तेल निघायला लागलंय!" राजे म्हणाले.

"माशा चावत असतील, सरकार!" नागोजी घाम पुसत म्हणाला. "म्हणून फिरतोय! एरवी..."

तेवढ्यात बैल थांबला. नागोजीचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण वीस वर्षांची सवय! घाण्याचा बैल थांबला की तेल्याची जीभ आपोआप टाळूला लागते.

"चक् चक्! चल, राजा!"

बैल पुन्हा फिरू लागला.

मग राजे असे हसले, असे हसले, की त्यांना पागोटं हाताने सावरावं लागलं!

"नागोजी, अरे, साक्षीदार एकच मागवला होता. तू दुसरा कशाला झालास?"

नागोजीने कबूल केलं. नांगरणीच्या नावाखाली हाच बैल नेऊन डोंगरापलीकडे बहिणीच्या मळ्यात तो रोज घाणा चालवत होता.

"पण पोरी, तुला हे कळलं कसं?" राजांनी विचारलं.

"नदीवर माझं वाळत घातलेलं लुगडं वाऱ्याने उडालं आणि पाणी प्यायला आलेल्या या बैलाच्या तोंडावर पडलं, सरकार. दुसरा बैल असता तर उधळला असता. हा बिचारा मुकाट्याने गोल फिरायला लागला. तेव्हाच समजले, याच्या कष्टाचं तेल कोणीतरी खातंय."

राजांनी हुकूम दिला, "दोन वर्षांची थकलेली पोटगी आजच्या आज, पुढची दर महिन्याला. सगुणेला आमच्याकडून ओढ्याकाठचं दोन बिघे रान बक्षीस. आणि हा बैलही तिचाच! खरं सांगणाऱ्याला खोटं बोलणाऱ्याच्या गोठ्यात परत कसा पाठवू? नागोजी, तुला काही म्हणायचंय?"

नागोजीने बैलाकडे पाहिलं. आईबरोबर आलेली पाच वर्षांची लेक बैलापाशी उभी राहून त्याला हातभर लांबून गवताची काडी दाखवत होती. भीत होती, पण हात मागे घेत नव्हती. नागोजी तिच्याजवळ गेला. बैलाच्या डोळ्यांवरचं फडकं त्याने सोडलं, कासरा तिच्या इवल्याशा मुठीत दिला, आणि निघून गेला.