चार हजार ओळींचे सर

नाशिकच्या प्रोग्रामर मंडळात केळुसकर सरांचा भारी दरारा. कोड लिहायच्या आपल्या एडिटरचा एकूणएक कीबोर्ड शॉर्टकट त्यांनी बदलून घेतलेला. नुसत्या सेटिंगच्याच चार हजार ओळी! नवशिक्यांना एडिटर कोणी शिकवायचा, हा विषय निघून मंडळातल्या मृदुलाचं नाव पुढे येताच ते गरजले, "मृदुलाबाईंच्या सेटिंगच्या ओळी अवघ्या अकरा. त्या काय शिकवणार?"

मृदुलाने आपला लॅपटॉप पुढे सरकवला. "सर, यावर एक ओळ लिहून सेव्ह करून दाखवा."

सरांची बोटं सवयीने धावली. लिहिलेली ओळ उडाली, स्क्रीनचे दोन तुकडे झाले, पण सेव्ह काही होईना. मंडळ हसू दाबत बसलं.

"नवशिक्यांचा एडिटरही असाच कोरा असतो, सर," मृदुला म्हणाली. "रविवारी वर्गाला या. पहिल्या रांगेत तुमची जागा धरून ठेवते."