साफ केलेली कॅसेट

“खोकला का काढलास?”

“कुठला खोकला?”

“बुवांचा. अंतऱ्याच्या आधी होता.”

“खोकला म्हणजे काय गाणं आहे का, अक्का?” सलील हसला. “काढणारच.”

कुमुदअक्का हसल्या नाहीत. डोक्यावरचा भलामोठा हेडफोन त्यांनी दोन्ही हातांनी सैल केला, पुन्हा बसवला. पांढऱ्या केसांवर तो परमुलखातल्या पगडीसारखा दिसत होता.

भिंतीला टेकून बसलेल्या वृंदाच्या हे मनात आलं, पण ती बोलली नाही. लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं. आज मध्ये बोलायचं नाही असं गाडीतच ठरलं होतं. म्हणजे सलीलने ठरवलं होतं. “तुला यातलं फारसं कळत नाही ना, म्हणून.” सासूबाईंचं सांगणं वेगळं होतं, चारचौघांत नवऱ्याला ‘अहो’ म्हणावं. गप्प राहिलं की दोघांचंही मन राखलं जाई.

सलील लहानपणी इथे, कुरुंदवाडला, अक्कांकडे गाणं शिकायला येई. गळा काही तयार झाला नाही. कान झाला, असं तो स्वतःच सांगे. नोकरीतून उरलेला सगळा वेळ आता त्या कानाच्या सेवेत जाई.

अक्कांनी मात्र उमेदीची सगळी वर्षं आपल्या गुरूंच्या, म्हणजे बुवांच्या, मागे बसून तंबोरा धरला. त्या घराण्याची रीतच तशी होती. तंबोऱ्यावर बसेल त्याने गायचं नाही. सगळ्यांच्या आधी तार छेडायची आणि सगळे थांबले की मग थांबायचं. अक्का गायल्या त्या शिकवणीत, पोरांसमोर. ते टिपून ठेवावं असं कुणाला वाटलं नाही.

लग्नानंतर दोघं पाया पडायला आली, तेव्हा अक्कांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून एक कॅसेट काढून दिली होती. “पाकीटबिकीट नाही माझ्याकडे. हा आहेर समजा. एवढी नीट करून आण, मग बाकीच्यांचं बघू.”

आज ती नीट होऊन आली होती. बाकीच्या कॅसेटींचा डबा अक्कांच्या मांडीशी होता. बुवांचं गाणं आता फक्त त्या डब्यात उरलं होतं. आणि तो डबा आपल्याला मिळणार, असं सलीलने त्याच्या शौकीन मित्रांच्या ग्रुपवर आधीच टाकून दिलं होतं.

“तुम्ही पुढे ऐका तरी,” तो म्हणाला. “आवाज किती जवळ आलाय बघा. कॅसेटवर नुसती ओल आलेली भिंत होती. आणि ही फाइल फ्लॅक आहे. यात काही गाळत नाहीत. लोक एमपीथ्री ऐकतात, निम्मा आवाज फेकून दिलेला. उष्टं खातात लोक, अक्का. तेही चवीनं.”

“यात काही गाळत नाहीत?”

“कणसुद्धा नाही.”

“मग खोकला...”

“अहो, तो मी गाळला. फाइलने नाही.”

वृंदाने ओठ आवळले.

“आणि हेडफोनची तर बातच सोडा,” सलील म्हणाला. “गेमसाठी घेतलाय, पण भल्याभल्यांच्या तोंडात मारेल. मागच्या खोलीत कुणी पाऊल टाकलं तरी समजतं. कुठून आलं, किती लांब आहे, सगळं.”

“कोण असतं मागे?”

“शत्रू.”

“आणि समजलं की?”

“उडवायचा.”

“हं,” अक्का म्हणाल्या.

शत्रू मागून आलेला त्याला लगेच समजे, हे खरं होतं. चहा घेऊन वृंदा मागून आली की तो दचके. वर म्हणे, “आवाज देऊन येत जा गं.” ती आवाज देऊनच आलेली असे.

अक्का ऐकत होत्या. डोळे मिटलेले. चेहऱ्यावर काहीच नाही.

सलील वाट बघत होता. शिकवणीत चुकलेला सूर घेऊन बसलेलं पोर जसं बघतं, तसा. मग त्याचा धीर सुटला.

“कितीतरी रविवार घातलेत मी यात. एक चांगला शब्द तरी बोला.”

...

“नाहीच आवडलं ना? मला माहीत होतं. तुमच्या वेळच्या माणसांना खरखर म्हणजेच गाणं वाटतं. तुमचा दोष नाही, कानांना तीच सवय. पण मग माझ्याकडे द्यायचीच कशाला?”

अक्कांनी डोळे उघडले. बोलल्या तेव्हा आवाज एकदम खाली गेला होता. त्यांच्याकडे शिकलेली पोरं सांगत, अक्का चढल्या तर भ्यायचं नाही, उतरल्या की भ्यायचं.

“इकडे ये गं,” त्या वृंदाला म्हणाल्या.

वृंदा पुढे सरकली. अक्कांनी हेडफोन काढून तिच्या डोक्यावर चढवला. बांगडी त्यात अडकली, ती सोडवली.

“ऐक.”

“तिला काय विचारताय, अक्का? ती फोनवर ऐकते गाणी. स्वयंपाक करताना.”

हे वृंदाला अर्धंच ऐकू आलं. बुवांचा आवाज सुरू झाला होता. स्वच्छ होता. भांडं इतकं घासावं की आतली कल्हईच निघून जावी, तसा स्वच्छ. सूर लागत होता, सुटत होता. आणि एका सुरापासून दुसऱ्यापर्यंत मध्ये काहीच नव्हतं. माणूस गात होता, पण कुठे बसून गात होता ते कळत नव्हतं.

तिची नजर अक्कांच्या हातावर गेली. उजवा हात गुडघ्यावर होता आणि बोटं हलत होती. मधलं बोट एकदा, मग पहिलं पुन्हा पुन्हा. परत मधलं. एका संथ लयीत, न चुकता. हेडफोन तर वृंदाच्या डोक्यावर होता. बोटांना त्याची गरज दिसत नव्हती.

त्या बोटांखाली काय वाजत असेल ते वृंदा गाण्यात शोधत राहिली.

मग तिने हेडफोन उतरवला.

“सलील, तंबोरा कुठे गेला?”

‘अहो’ राहूनच गेलं.

“तुला सांगितलं होतं ना, मध्ये...” तो अक्कांकडे वळला. “तंबोरा नाही तो. घरघर होती. हे बघा, कॅसेटच्या सुरुवातीला थोडा वेळ कुणी गात नाही. नुसतं घूं घूं चाललेलं. तेवढा तुकडा कॉम्प्युटरला दाखवायचा, की बाबा हा कचरा. मग तो सबंध कॅसेटमधून तेवढंच वेचून बाहेर टाकतो. सगळे असंच करतात.”

“सुरुवातीला कुणी नव्हतं?”

“नाही ना. बुवा नंतर येतात.”

“कुणीच नव्हतं तिथे?”

“नाही म्हटलं ना.”

...

“मी होते,” अक्का म्हणाल्या.

बाहेरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ती पार कोपऱ्यापर्यंत ऐकू आली.

सलीलची मान जरा खाली गेली. पण त्याला खाली मान ठेवून बसण्याची सवय नव्हती.

“असेल तंबोरा त्यात,” तो म्हणाला. “पण ऐकायचं कुणाला? बुवांनाच ना? आणि तंबोऱ्याला काय, आता अ‍ॅप मिळतं. लावलं की वाजत राहतं. बुवांच्या खाली जोडून देतो तुम्हाला. तारसुद्धा उतरणार नाही. तुमच्यापेक्षा...”

तो थांबला.

“माझ्यापेक्षा?”

“तसं नव्हतं म्हणायचं.”

“माझी कॅसेट दे.”

“कॅसेट...” सलीलने हातातली वायर बोटाभोवती गुंडाळली. “फीत सडली होती, अक्का. वाजतानाच तिची भुकटी पडत होती. एकदाच काय ती वाजली, शेवटी तुटली. त्यात माझी चूक नाही.”

“नसेल.”

“आणि साफ करायच्या आधी उतरवून घेतलेली फाइल?” वृंदाने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

सलीलने तिच्याकडे पाहिलं. घरी दार लावून घेतल्यावर बघायचा, तसं.

“ती काढून टाकली. डिस्कवर जागा नव्हती.”

“कशासाठी जागा नव्हती?” अक्कांनी विचारलं.

सलील बोटावरची वायर सोडवू लागला.

“नवा गेम आला होता,” वृंदा म्हणाली. “मोठा होता.”

“तू कुणाच्या बाजूची आहेस?” सलीलचे कान लाल झाले होते. “घरी बोलू आपण.”

लग्न झाल्यापासून वृंदाला सारखं दमल्यासारखं वाटत होतं. सासूबाईंनी त्यावर शतावरी कल्प आणून ठेवला होता. ते दमणं नव्हतं, राग होता, हे तिला इथे, या सतरंजीवर कळलं.

अक्कांनी डबा पुढ्यात ओढला. झाकण बसवून वरून तळहाताने दाबलं. पत्रा वाजला.

“ऊठ.”

“अक्का, निदान बाकीच्या कॅसेटी तरी वाचवू. त्याही सडतायत. मी नाही केलं तर कोण करणार आहे? सांगा ना, कोण आहे दुसरं?”

“ऊठ म्हटलं. ऐकू येत नाही?”

सलील उठला. एरवी वायरींच्या नेटक्या गुंडाळ्या करून, रबर लावून ठेवणारा माणूस. आज त्याने सगळं पिशवीत कोंबलं. हेडफोन उचलताना खाली पडला, तसाच कोंबला. “चल,” तो वृंदाला म्हणाला.

वृंदा उठली नाही. ती पर्समध्ये फोन शोधत होती.

“अक्का, माझ्याकडे थोडंसं आहे,” ती म्हणाली. “नीट नाहीये. आईला पाठवलं होतं. आई म्हणते, नुसतं ‘बरी आहे’ म्हणू नकोस, तुझ्या घरचे आवाज पाठवत जा. त्या दिवशी हे बाहेर तुमची कॅसेट लावून बसले होते. मी स्वयंपाकघरातून...”

“फोनवर टिपलंय,” सलील दारातून म्हणाला. “त्यात परत व्हॉट्सअ‍ॅपने दाबलेलं. उष्ट्याचंही उष्टं आहे ते, अक्का. ऐकूसुद्धा नका.”

वृंदाने बटण दाबलं.

आधी भाकरी थापल्याचा आवाज आला. मग परातीचा. मग सगळ्यांच्या मागून, पाण्याखालून यावा तसा, तंबोरा. कुणी गात नव्हतं. नुसता तंबोरा चालला होता.

अक्कांनी फोन मागितला नाही, तिच्या हातातून काढूनच घेतला. दोन्ही हातांत धरून कानाशी नेला.

बुवांचा आवाज लागला. आवाज पत्र्यासारखा येत होता, पण बुवा आता कुठे बसले आहेत ते कळत होतं. कुणीतरी त्यांच्या मागे होतं.

“अगं ते दार लाव,” फोनमधला सलील ओरडला. “काही ऐकू येत नाहीये.”

दारातला सलील छताकडे बघू लागला.

अंतऱ्याच्या आधी बुवा खोकले. चांगले पोटातून खोकले. तंबोरा थांबला नाही. खोकला संपेपर्यंत त्याने बुवांची जागा धरून ठेवली, आणि बुवा आले तसे नेमके तिथेच आले.

अक्कांचा चेहरा अजून रागीटच होता. फोन त्यांनी डाव्या हातात घेतला आणि उजवा गुडघ्यावर ठेवला. मधलं बोट, मग पहिलं पुन्हा पुन्हा. या वेळी बोट पडे तिथे आवाज होता.

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. लांबलचक, फोन फाटेल अशी. त्यात बुवांची एक अख्खी तान गेली.

शिट्टी ओसरली. तंबोरा होताच.

मग पावलं वाजली, कुकर उतरवल्याचा आवाज आला आणि सगळं बंद पडलं.

“एवढंच आहे,” वृंदा म्हणाली. “मग मी भाजीला लागले.”

...

अक्कांनी फोन तिला परत दिला. मग पत्र्याचा डबा उचलून तिच्या मांडीवर ठेवला. जड होता.

“मला यातलं काही कळत नाही, अक्का.”

“त्याला कळतं. तो करेल. काय ठेवायचं ते तू सांगायचं.”

सलील दारातून दोन पावलं आत आला. पिशवी अजून खांद्यावर होती. त्याने बायकोच्या मांडीवरच्या डब्याकडे पाहिलं. राग गेला नव्हता, पण आवाज मऊ करून पाहिला.

“ठीक आहे. तर मग अक्का, हे फोनवरचंच मी थोडं बघतो. फार काही होणार नाही, पण ती शिट्टी तेवढी काढून देतो. शिट्टी काढणं एकदम सोपं असतं.”

अक्का त्याच्याकडे बघत राहिल्या. आवाज खाली गेला, आजवर कधी गेला नव्हता इतका.

“खबरदार. तिथे कुणीतरी आहे.”