डोंगराईचे डोळे

या मंडळी, चपला बाहेर काढा. कुंभवळ्याच्या या देवीला नाक नाही, हात नाहीत, शस्त्र नाही. कापडावर रंगवलेला एक तांबडा डोंगर आणि त्याला दोन डोळे, एवढीच आमची डोंगराई.

डोंगर काढला तो आडा व्हिटलॉक नावाच्या अमेरिकन बाईने. तिच्या देशात नव्या चित्रकलेची वाट पाडणाऱ्यांत तिचा मान पहिला, म्हणे. शंभरेक वर्षांपूर्वी ती या ओवरीत राहिली आणि वर्षभर समोरचा हा एकच डोंगर रंगवत बसली. झाड नाही, गुरं नाहीत, नुसता उतार.

देवळाच्या भिंती तेव्हा भिकाजी चिताऱ्याकडे. वीस वर्षं त्याने त्यांवर देव रंगवले; पण आता गाव भिंतीला पाठ टेकून बाईच्या कापडाकडे बघत बसू लागलं.

"चित्र कसलं, भाजलेलं रताळं आहे," तो बायकोला म्हणाला.

येसू बघतच राहिली. "रताळं असेल. पण माझ्या माहेरची वाट दिसते हो त्यात."

त्याच्या भिंतीपुढे ती अशी कधी थांबली नव्हती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बाई नदीवर गेलेली पाहून भिकाजीने चित्राचं हसं व्हावं म्हणून त्यावर दोन डोळे काढून ठेवले. रागात तो आपल्याच धंद्याचा नियम विसरला. चितारी डोळे शेवटी काढतो. डोळे उघडले की ते चित्र राहत नाही, देव होतो, आणि देव जागचा हलवत नाहीत.

गुरवाने येऊन पाहिलं आणि नारळ फोडला. बाईची तर निघायची तयारी, खोकंसुद्धा ठोकून झालेलं. आठ गडी लागले, पण चित्र तसूभर हललं नाही, असे सांगतात. गडी मनापासून उचलत होते का, ते मला विचारू नका.

"डोळे कुणी काढले?" बाईने मोडक्या मराठीत विचारलं. भिकाजीची बोटं अजून काळी होती. बाई बराच वेळ त्या डोळ्यांकडे बघत राहिली. "मला असे जमले नसते," म्हणाली, आणि रिकामं खोकं घेऊन गेली. चार शिव्या दिल्या असत्या तर भिकाजी सुखाने मेला असता. उरलेला जन्म त्याने बाईच्या डोंगराची पूजा केली, आणि येसू रोज समोर बसून राहिली.

आजही नवरात्राआधी डोळे उजळायचा मान चिताऱ्यांचाच. पण कुंचला उचलण्याआधी ते डोंगरावर पंचा टाकतात, डोळ्यांपुरता उघडा ठेवतात. सोवळं म्हणून, असं गुरव सांगतो. चितारी काही सांगत नाहीत. काम संपलं की पंचा काढायला घरच्या बाईला आत पाठवतात, आणि ती क्षणभर रेंगाळली की बाहेरून हाक येते, "येतेस ना?"